बाबांचा भात बंद न करता जेवणानंतरची साखर कशी उतरवायची?

वेंगुर्लेकरीण:
बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह ११ वर्षांचा जुना. जेवल्यावर दोन तासांनी साखर २४० च्या आसपास, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४. आहाराच्या कागदावर भात बंद, सकाळी ओट्स असं लिहून मिळालंय. ओट्स बघून बाबा म्हणाले, "ही आजाऱ्याची पेज." दोन दिवस चपाती खाल्ली, तिसऱ्या दिवशी शेजारी जाऊन भात जेवून आले! भात ठेवून कोणी साखर खाली आणली आहे का? स्वतः करून पाहिलेलंच सांगा, व्हॉट्सॲपवरचे काढे नकोत.

बंदरावरचा:
भात सोडूक सांगणारो कोकणातलो नसतलो. आणि चपातीत काय पिष्ट नसता? चार चपात्यो हाणल्यो तर साखर वाढतलीच.

माजघर:
तांदूळ उकडा की सुरय, म्हणजे न उकडलेला? उकडा घ्या. टरफलासकट उकडून वाळवताना दाण्यातल्या पिष्टाची घडण बदलते, म्हणून तो साधारणपणे सुरयपेक्षा सावकाश पचतो. भात मोकळा शिजवा. जितका गिच्च, तितकी साखर झटपट. पेजेची खरी अडचण हीच, दाणा फुटेपर्यंत शिजतो. आमच्याकडे पेज अगदी बंद नाही केली. दाणा अख्खा असतानाच उतरवते, पाणी जास्त आणि भात कमी, सोबत वाटीभर कुळथाची उसळ. घावणे मात्र कमी केले, पीठ दाण्यापेक्षा लवकर पचतं.

शिळ्या भाताबद्दल ऐकलं असेलच. भात गार होताना पिष्टाचा थोडा भाग असा बांधला जातो की लहान आतड्यात पचत नाही, पुन्हा गरम केल्यावरही बराचसा तसाच राहतो. फायदा आहे, पण जादू नाही. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. आपल्या दमट हवेत त्यात जे जंतू वाढतात, त्यांचं विष गरम करूनही जात नाही.

खाडीकाठ:
मला सगळ्यात जास्त फरक ताटातल्या क्रमाने पडला. आधी टाकळ्याची किंवा फणसाच्या कुयरीची भाजी आणि बांगडा, भात शेवटी. सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण आपण भातावर आमटी ओतूनच सुरुवात करतो. जेवल्यावर १५ मिनिटं अंगणात फेऱ्या. सोलकढी जेवणासोबत चालेल, आंबटाने थोडी मदत होते म्हणतात, पण साखरेचं कोकम सरबत म्हणजे सोलकढी नव्हे!

घरी ग्लुकोमीटर आहे ना? एकच जेवण दोन दिवस द्या, एका दिवशी फक्त क्रम बदला, पहिल्या घासानंतर दोन तासांनी मोजा. प्रत्येकाचं शरीर वेगळं, माझ्या आकड्यांवर जाऊ नका.

माजघर:
एक राहिलं. बाबा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन घेत असतील तर भात एकदम अर्धा करू नका, साखर ७० च्या खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कुळीथ किती, तेही विचारा.

वेंगुर्लेकरीण (तीन आठवड्यांनी):
ग्लिमेपिराइडच होती, डॉक्टरांनी मात्रा कमी केली. उकडा तांदूळ, आधी भाजी-मासळी, मग भात. दुपारचे शेवटचे तीन आकडे १९६, १८२, १८८. डॉक्टर म्हणाले, १८० च्या खाली यायला हवं, पण दिशा बरोबर आहे. पेज अजून जमलेली नाही, दाणा राहिला की बाबांना ती कच्ची वाटते.

भात मोजण्यासाठी वाटीने मूद पाडून वाढते. पहिल्या दिवशी ताटाकडे बघून म्हणाले, "माका निवेद दाखवतंस काय?"

बंदरावरचा:
नैवेद्यात मूद एकच असता, दुसरी मागूक गावत नाय म्हणान सांग!

वेंगुर्लेकरीण:
सांगितलं. आता विचारतायत, नीरफणसाची कापं भाजीत धरायची की भातात?

माजघर:
भातात. कापं असतील त्या दिवशी मूद अर्धी.