चर्चची मासिक पत्रिका: आठ पानं, झेरॉक्सची छपाई, देखणी कशी करू?

संडेस्कूलवाली_ताई
सर्वांना सलाम. नगर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या मंडळीची पत्रिका कमिटीने या महिन्यापासून माझ्याकडे दिलीय. ए-फोर कागद मधोमध दुमडून आठ पानं, मुखपृष्ठ रंगीत, आतलं काळं-पांढरं. आधी एक प्रेसवाले काका श्रीलिपीत (मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर) करायचे. त्या फाइली माझ्या लॅपटॉपवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात.
मुखपृष्ठावर दर वेळी मावळता सूर्य, त्यावर कबूतर आणि कबुतरावर पिवळ्या अक्षरांत वचन. आत पाळकसाहेबांचा संदेश दोन पानं, मग महिला मंडळ, तरुण संघ, वाढदिवस, वर्गणीची यादी, सगळं खच्चून. आमची आजी म्हणते, "भिंग देऊन वाटा." कमिटीचं म्हणणं: "आकर्षक कर, पण काही काढू नकोस." माझ्याकडे फक्त वर्ड आहे. कुठून सुरुवात करू?

पुणेरी_तरुणसंघ
कॅनव्हा (ऑनलाइन डिझाइनचं ॲप) घ्या. मराठी फॉन्ट आहेत, तयार साचे आहेत, एका संध्याकाळचं काम.

नगरी_कंपोझिटर
कॅनव्हा मुखपृष्ठापुरतं ठीक. आठ पानं मजकूर त्यात ओतलात तर प्रत्येक दुरुस्तीला चौकटी सरकवत बसाल. आत वर्डच ठेवा ताई. १८४२ साली ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक ज्या नगरमधून निघालं, तिथल्या छापखान्यात आयुष्य गेलं माझं, त्यामुळे न विचारता जास्त बोलतो.

पहिलं अक्षर. मजकुराला तिरो देवनागरी मराठी घ्या, फुकट मिळतो आणि ल, श आपल्या वळणाचे येतात. मथळ्यांना मुक्ता ठळक. बस, तिसरा फॉन्ट नको. मजकूर १४ पॉइंट, ओळींमधलं अंतर २० ते २१. आपल्या लिपीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतो. ओळी चिकटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. आजींना भिंग निम्मं तेवढ्यामुळे लागतं. आणि दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट सोडा. ए-फाइव्हच्या (ए-फोरच्या निम्म्या) अरुंद पानात 'पुनरुत्थानाविषयीच्या' असला शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत खिंडारं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं सोडा.

आता एवढं मोठं अक्षर घेतल्यावर सगळं मावणार नाही, आणि तेच हवंय. कमिटीला 'काढते' म्हणू नका, 'हलवते' म्हणा. वर्गणीची यादी वेगळ्या कागदावर छापून चर्चच्या फलकावर लावा. संदेश एका पानात बसवा. पाळकसाहेब तेच रविवारी बोललेले असतात. (हे त्यांना मी सांगितलं म्हणू नका.)

आठ पानं म्हणजे दोन कागद. एका कागदाच्या एका बाजूला ८ आणि १, मागे २ आणि ७. दुसऱ्यावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. म्हणजे एकाच कागदावर सलग येणारं जोडपान एकच, मधलं ४-५. सणाचा मोठा फोटो पसरायचा तर तिथेच. हा हिशोब डोक्यात ठेवायची गरज नाही. पानं ए-फाइव्ह आकारात क्रमाने करा, पीडीएफ काढा, झेरॉक्सवाल्याला 'बुकलेट' म्हणून छापायला सांगा. पानांची संख्या मात्र चारच्या पटीतच हवी.

मुखपृष्ठावरचं कबूतर उडवून द्या. एक स्वच्छ फोटो, वर पत्रिकेचं नाव, खाली महिना. वचन फोटोवर नको, फोटोखालच्या पांढऱ्या पट्टीत. नावामागची पट्टी उपासनेच्या काळाप्रमाणे बदला: आगमनकाळात (नाताळाआधी) आणि उपवासकाळात (ईस्टरआधी) जांभळी, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या सणाला) लाल, साध्या काळात हिरवी. जुनी माणसं न सांगता ओळखतील.

श्रीलिपीचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) येतो, पण नंतर डोळ्यांनी वाचाच. 'दुसऱ्या', 'तुमच्या', 'सुवार्तिकांच्या' अशा ठिकाणी जोडाक्षरं दगा देतात.

वसईकर_वाचक
काका, अक्षराबद्दल सहमत. पण आमच्याकडे लोक पत्रिका आधी कुठलं पान उघडतात माहितीय? फोटोंचं. आपल्या पोराचा चेहरा शोधतात. म्हणून फोटो कमी करू नका, छोटे आठ लावण्यापेक्षा मोठे तीन लावा. आणि ओळ द्या: 'डावीकडून' म्हणत सगळ्यांची नावं. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की बारीक होतो, 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. पीडीएफ ग्रुपवर टाकणार असाल तर वाढदिवसाच्या यादीत फोन नंबर आणि आजाऱ्यांच्या यादीत आजाराचं नाव नको. कागद घरात राहतो, पीडीएफ दुबईपर्यंत जाते.

नगरी_कंपोझिटर
बरोबर. फक्त झेरॉक्सवर काळे फोटो अजून काळे होतात. वर्डमध्येच फोटोचा उजेड थोडा वाढवा, मग एक प्रत काढून बघा. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

संडेस्कूलवाली_ताई
खूप आभार काका! फोटोंचं वसईकरांचं पटलं, मधलं पान त्यांनाच देते. एक अडचण: वर्गणीची यादी हलवायची म्हटलं तर खजिनदार चिडतील. नाव छापून येतं म्हणूनच काही जण देतात, असं ते उघड म्हणतात.

नगरी_कंपोझिटर
मग पान आठवर ठेवा, शेवटी. फक्त नावं, रकमा नकोत, दोन स्तंभात, १२ पॉइंट. कमी रक्कम देणारेही खूश, आणि निम्मी जागा वाचते. वाचलेल्या जागेत पुढच्या महिन्याच्या भक्तीच्या वेळा मोठ्या अक्षरात टाका, ते पान लोक फ्रिजवर लावतात.

पुणेरी_तरुणसंघ
ओके, कॅनव्हा मुखपृष्ठापुरतं. 🙂 पहिला अंक झाला की इथे टाका ताई.