गॅलिलिओची पत्रं रद्दीत निघाली होती, हे खरं काय?

साखर पेठेतला रद्दीवाला
नमस्कार मंडळी. बावीस वर्षं सोलापुरात रद्दीचं दुकान चालवतोय. काल पोरगी म्हणाली, "अप्पा, गॅलिलिओची पत्रं खाटकाकडं मटण बांधायला गेली होती." म्हटलं, थापा मारू नको. एवढ्या मोठ्या माणसाचे कागद रद्दीत कोण घालतंय? तर म्हणते, तुमच्याकडं येतातच की! गप बसलो. जाणकारांनी सांगा.

निवृत्त बाई, नवी पेठ
पोरगी बरोबर बोलली. पण मटण नव्हतं, मोर्ताडेला होतं. तिकडचा डुकराच्या मांसाचा प्रकार.

गॅलिलिओ १६४२ साली गेला. शेवटच्या वर्षांत त्याच्याजवळ राहिलेल्या विविआनी या शिष्यानं त्याचे कागद जन्मभर गोळा केले. चर्चची धास्ती होतीच. विविआनी १७०३ मध्ये वारला. कागद घरातल्या पेवात पडले (हो, धान्याचंच पेव!) आणि पुढे वजनावर विकले गेले. फ्लॉरेन्सच्या नेल्ली नावाच्या गृहस्थानं मोर्ताडेलाची पुडी सोडली, तर वेष्टनावर गॅलिलिओचं अक्षर. सोबतच्यांना पत्ता लागू न देता तो दुकानात परतला आणि उरलेलं उचललं. हकिगतीला थोडं तिखटमीठ लागलं असेल. पण आज फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याचे कागद आहेत.

मला लागलं ते वेगळंच. त्याची थोरली मुलगी मठात होती. तिनं बापाला लिहिलेली १२४ पत्रं टिकली: कॉलरी धुतल्या, शिवल्या, मुरांबा धाडला, असली. बापानं तिला लिहिलेलं एकही राहिलं नाही. १६३४ मध्ये ती गेली, तेव्हा वय ३३.

विजापूर रोड
अप्पा, कागद उजेडाला धरून बघता ना? मिशिगन विद्यापीठानं जपलेलं गॅलिलिओचं एक पान २०२२ मध्ये बनावट ठरलं. गुरूच्या चंद्रांच्या नोंदी १६१० च्या, अन् कागदातलं जलचिन्ह (उजेडात धरल्यावर दिसणारी खूण) १८ व्या शतकातलं!

साखर पेठेतला रद्दीवाला
आभारी आहे. बाई, हातानं लिहिलेलं आम्ही आधीच बाजूला काढतो. पुण्याईचं काम नव्हे. भजीवाले छापील पेपरच मागतात, हातची शाई पदार्थाला लागते म्हणतात. गड्ड्याच्या जत्रेआधी एका जुन्या वाड्यातनं मोडीतल्या वह्यांचं गाठोडं आलं होतं. किलोच्या भावानं घेतलं, अजून माळ्यावरच आहे. इथं कुणाला मोडी वाचता येते काय?