मदत हवी आहे : नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) पुन्हा देणार, ४३० वरून ५५० च्या पुढे कसं जायचं?

सातपूरची_विद्यार्थिनी
नमस्कार. यंदा नीटला ७२० पैकी ४३० आले, पुढच्या मे महिन्यात पुन्हा देणार आहे. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या उत्तरसूचीशी माझी ओएमआर (गोळे भरायची उत्तरपत्रिका) ताडून पाहिली. जीवशास्त्र : ७० बरोबर, १५ चूक (२६५). रसायन : २७ बरोबर, १३ चूक (९५). भौतिक : २० बरोबर, १० चूक, १५ सोडले (७०). बारावी राज्य मंडळातून केली आहे. इथे नाशिकला कॉलेज रोडची रिपीटर बॅच अकरावीच्या पहिल्या धड्यापासून सुरू होते. सातपूरहून रोज जाऊन-येऊन ती करू, की घरी अभ्यास करून फक्त टेस्ट सिरीज लावू? भौतिकला हात कुठून घालू? आणि आहेत तीच पुस्तकं चालतील का?

गोदाकाठ
आकडे नीट दिलेस, त्यामुळे नेमकं सांगता येईल. तुझे गेलेले गुण असे : भौतिक ११०, जीवशास्त्र ९५, रसायन ८५. जीवशास्त्रात ८० बरोबर-५ चूक, रसायनात ३३-७, भौतिकात ३२-८ इतकं झालं तरी ५६० होतात. म्हणजे २८ प्रश्न जास्त बरोबर यायला हवेत आणि १८ चुका कमी व्हायला हव्यात. यासाठी सगळा अभ्यासक्रम पुन्हा शिकत बसायची गरज नाही.

आधी दोन दिवस देऊन त्या ३८ चुका वहीत उतरव. प्रत्येकीपुढे कारण लिही : माहितीच नव्हतं, अर्धवट माहीत होतं, की प्रश्न वाचताना ‘अयोग्य विधान’ हा शब्द सुटला. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. माहीत नव्हतं तिथे धडा वाचायचा. अर्धवट होतं तिथे एनसीईआरटीच्या (केंद्रीय) पाठ्यपुस्तकातली ती ओळ आणि तिच्या मागचापुढचा परिच्छेद. वाचनाच्या चुकीला मात्र घड्याळ लावून सोडवलेला पेपर हाच इलाज, कितीही वाचलंस तरी ती जात नाही.

जीवशास्त्रासाठी वर्गात बसून वेळ घालवू नकोस. भौतिकात शंका विचारायला समोर माणूस लागतो, म्हणून फक्त भौतिकाची शिकवणी आणि टेस्ट सिरीज घे. सिटीलिंक बसने रोज कॉलेज रोडला हेलपाटा मारण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा पुरे.

आलेखकागद
भौतिकाबद्दल. घूर्णन गतीपासून सुरू करू नकोस, बरेच जण तिथेच महिनाभर अडकतात. आधी आधुनिक भौतिकी (प्रकाशविद्युत परिणाम, अणू, केंद्रक), अर्धवाहक, विद्युतधारा, किरण प्रकाशिकी, एकके आणि त्रुटी. या धड्यांत सूत्रं मोजकी आणि प्रश्न बहुधा सरळ असतात. मग स्थिरविद्युत, उष्मागतिकी, गुरुत्वाकर्षण. यांत्रिकी त्यानंतर.

एका धड्याला तीन दिवस : पहिल्या दिवशी सिद्धांत आणि हाताने लिहिलेलं सूत्रांचं एक पान, पुढचे दोन दिवस साठेक प्रश्न. पाच मिनिटं स्वतः झगडल्याशिवाय उत्तर बघायचं नाही. उत्तर वाचून ‘कळलं’ वाटतं, पण परीक्षेत तोच प्रश्न सुटत नाही, कारण पहिली पायरी कधी स्वतः टाकलेलीच नसते. आकडेमोड कॅल्क्युलेटरशिवाय कर. पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर π² ला १० धरून पुढे जा. सेंटिमीटरचं मीटर आणि मायक्रोफॅरडचं फॅरड करायचं राहून जाणं, इथे हातचे गुण जातात. व्हर्निअर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज हेही अभ्यासक्रमात आहे, ते वगळू नकोस.

जुनं_दप्तर
पुस्तकांचं सांगतो, कारण इथे खूप जण फसतात. राज्य मंडळाची पुस्तकं संकल्पनांना चांगली आहेत, पण जीवशास्त्राचे प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांवरून येतात, ते पुस्तक हवंच.

२०२४ पासून अभ्यासक्रम बदलला. घन अवस्था, पृष्ठ रसायन, एस-ब्लॉक, पॉलिमर, पचन व शोषण, खनिज पोषण हे धडे गेले. जुन्या प्रश्नसंचात ते असतात, त्यावर पेन्सिलने काट मार. याउलट पी-ब्लॉक (गट १३ ते १८) नीटला आहे, पण एनसीईआरटीच्या नव्या आवृत्तीत तो धडाच नाही. तेवढ्यासाठी जुनी आवृत्ती मिळव. माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी ही वनस्पतींची पाच कुलंही बघून ठेव.

सातपूरची_विद्यार्थिनी
खूप आभार. एक शंका : खात्री नसेल तर प्रश्न सोडूनच द्यायचा का?

गोदाकाठ
गणित करून बघ. बरोबरला +४, चुकीला −१. दोन पर्याय नक्की बाद करता आले तर उरलेल्या दोनांत सरासरी +१.५ पडते, तिथे उत्तर द्यायचंच. चारही सारखेच वाटत असतील तर सरासरी फक्त +०.२५, त्यासाठी मिनिटभर घालवणं परवडत नाही. तुझ्या भौतिकातल्या १५ सोडलेल्यांत दोन पर्याय बाद होणारे किती होते, तेही वहीत मोज.

आलेखकागद
सराव पेपर रविवारी दुपारी २ ते ५ याच वेळेत, छापील ओएमआरवर, काळ्या बॉलपेनने. १८० प्रश्न, १८० मिनिटं. २०२२ ते २०२४ चे पेपर २०० मिनिटांचे होते, ते सोडवताना १८० च प्रश्न निवड आणि घड्याळ १८० चंच लाव. जीवशास्त्र ५० मिनिटं, रसायन ५०, भौतिक ७०, शेवटची १० तपासायला. गोळे पानागणिक भर. सगळे शेवटी भरायला ठेवलेस आणि एक ओळ सरकली, तर मागचं खोडता येत नाही.

जुनं_दप्तर
एक कागदपत्रांचं. आरक्षणातून प्रवेशासाठी नॉन-क्रिमी लेअर दाखला लागत असेल तर त्याची मुदत आत्ताच बघ. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला दर आर्थिक वर्षाला नवा लागतो. जूनमध्ये सेतू केंद्रावर गर्दी होते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाक.