टीरला ‘न्यायाचा देव’ म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

कातरवेळ
नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवांबद्दल कुठेही वाचा, टीरची ओळख ठरलेली: एका हाताचा, शब्दाला जागणारा, न्यायाचा देव. मला हे पटत नाही. त्याचा हात गेला तोच मुळी खोट्या हमीपायी.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी: कपटी देव लोकी याचा पोरगा फेनरिर हा लांडगा. देवांच्याच घरी वाढला, पण त्याला खायला घालायची छाती फक्त टीरची. लांडगा रोज वाढू लागला, भाकितंही वाईट होती, म्हणून त्याला बांधायचं ठरलं. दोन बेड्या त्याने तोडल्या. मग देवांनी बुटक्यांकडून ग्लेइपनिर करून घेतली. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी, एवढ्या सामानाची रेशमी फीत! लांडग्याला संशय आला. म्हणाला, कपट नसेल तर तारण म्हणून एकाने माझ्या तोंडात हात ठेवा. देव एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी टीरने उजवा हात घातला. फीत तुटेना तसे सगळे हसले, टीर सोडून.

म्हणजे ‘कपट नाही’ अशी हमी देणाऱ्याला कपट आहे हे पक्कं ठाऊक होतं. असा जामीनदार न्यायाचा देव?

पारावरचा
असहमत. जामीन राहिला आणि वेळ आल्यावर भरलं की त्याने! पळाला नाही, हात मागे ओढला नाही. हसणारे बाकीचे, भरणारा हा.

कातरवेळ
भरलं, पण कबूल काय केलं होतं? ‘तुला तुटली नाही तर तुझी भीती उरणार नाही, मग सोडून देऊ.’ सोडलं का? उलट तोंडात तलवार उभी केली, मूठ खालच्या जबड्याला, टोक वरच्या. त्याच्या लाळेची नदी झाली. तिचं नाव व्होन, म्हणजे आशा. कुणाची आशा, देव जाणे.

खडूस काका
भाकीत ऐकून आधीच कोंडायचं, हे कंसानेही केलं. त्याला कोणी न्यायी म्हणत नाही.

पारावरचा
काका, कंसाने स्वतःचं नखसुद्धा पणाला लावलं नव्हतं.

मोडीवाचक
जरा पुराव्याकडे वळू. ही गोष्ट सविस्तर येते ती आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याच्या गद्य एड्डा या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथात, साधारण 1220 च्या सुमारास. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तोवर दोन शतकं उलटली होती. आणि खुद्द स्नोरी काय म्हणतो? टीर एकहाती आहे आणि माणसांत समेट घडवणारा म्हणून तो ओळखला जात नाही. न्याय वगैरे सोडाच.

मग ‘न्याय’ आला कुठून? इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर हाउसस्टेड्सला रोमन सैन्यातल्या जर्मानिक शिपायांनी तिसऱ्या शतकात अर्पण केलेली वेदी सापडली. तीवर ‘मार्स थिंक्सस’ असं नाव आहे. मार्स हा रोमनांचा युद्धदेव. थिंग म्हणजे लोकांची सभा, जिथे निवाडे होत. यावरून तो मार्स म्हणजे टीरच, असा तर्क. वेदीवर टीरचं नाव नाही, हे मात्र पुढच्या लेखांतून गळतं. विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक द्युमेझिलने देवांचा राजा ओडिन आणि टीर ही जोडी आपल्या वरुण आणि करारांचा देव मित्र यांच्यासमोर ठेवली आणि शिक्का पक्का झाला.

अवांतर: ‘टीर’ आणि आपला ‘देव’ हे शब्द एकाच मुळातले.

पारावरचा
स्नोरीला प्रमाण मानायचं तर तोच सांगतो, सगळ्यांच्या पुढे जाणाऱ्या शूराला टीरचं नाव जोडून विशेषण लावतात. शहाण्यालाही.

कातरवेळ
शूर म्हणा, माझी हरकत नाही. माझं भांडण ‘न्याय’ या शब्दाशी आहे. आणखी एक बघा. एवढी भाकितं असून लांडग्याला मारलं का नाही? स्नोरीचं उत्तर: पवित्र जागा त्याच्या रक्ताने विटाळायची नव्हती. रक्त सांडलेलं चालत नाही, खोटी हमी चालते. सोवळं म्हणजे अगदी कडक!

खडूस काका
+१. हे सोवळं ओळखीचं आहे.

पारावरचा
बरं, शेवट बघा. रॅग्नरोकच्या, म्हणजे जगबुडीच्या वेळच्या लढाईत सुटलेला फेनरिर ओडिनला गिळतो. टीरच्या वाटेला जात नाही. टीर गार्म नावाच्या कुत्र्याशी लढतो आणि दोघं एकमेकांना मारतात. लांडग्याने टीरचा हिशेब हात घेतला तेव्हाच मिटवला होता.

मोडीवाचक
टीर-गार्म झुंज फक्त स्नोरीकडे आहे, जुन्या काव्यात नाही. शिवाय गार्म आणि फेनरिर मुळात एकच असावेत, असंही काही अभ्यासक मानतात.

कातरवेळ
तसं असेल तर पारावरचे, हिशेब मिटला नव्हता. तो वसुलीला परत आला होता.