ओपनहायमर बोलला की सिनेमा, आणि आपल्या बायका बोलल्या की मालिका?

मधली रांग
२५ मे २०२३, रात्री ११.४०

काल 'थंडगार एसी' यांनी इथे यादी टाकली. जून-जुलैत थिएटरात जाऊन बघण्यासारखे दोनच सिनेमे: १२ जुलैचा 'मिशन इम्पॉसिबल' आणि २१ जुलैचा 'ओपनहायमर'. बाकीचे ओटीटीवर येतील तेव्हा बघावेत. इथवर ठीक, ज्याची त्याची आवड. पण खाली शेपूट आहे: "मराठी सिनेमा मोठ्या पडद्यावर बघण्यात काय पॉइंट? चार माणसं घरात बसून बोलतात, ते मोबाइलवरही दिसतं."

अहो, मग 'ओपनहायमर' म्हणजे काय कुस्तीचा फड आहे? एक स्फोट सोडला तर तिथेही कोटातली माणसं खोलीत बसून बोलणारच आहेत, तीही तब्बल तीन तास. लॉस अलामोसमध्ये अणुबाँब बनवणारे चार शास्त्रज्ञ बोलले की त्याला आयमॅक्सचा अजस्त्र पडदा पाहिजे, आणि ३० जूनला 'बाईपण भारी देवा'मध्ये सहा बहिणी बोलणार तर त्यांना मोबाइल? 'सैराट' कधी लागला होता आठवतंय का? २९ एप्रिल २०१६, ऐन उन्हाळ्यात, 'जंगल बुक' जोरात चालू असताना. काही गावांत रात्री बाराचे खेळ लावावे लागले. तो तुम्ही मोबाइलवर पाहिलात का?

आता खरं दुखणं सांगतो. या महिन्यात आईला शाहीर साबळेंवरचा 'महाराष्ट्र शाहीर' दाखवायचा होता. साबळेंच्या लोकधारेचा कार्यक्रम तिने तरुणपणी शिवाजी मंदिरला पाहिलेला. दुसऱ्या आठवड्यात जवळच्या मल्टिप्लेक्सला एकच शो उरला होता, सकाळी सव्वानऊचा. आई पूजा उरकून साडेआठला चप्पल घालून तयार. तिथे गेलो तर दारावरचा मुलगा म्हणाला, शो कॅन्सल, चारच तिकिटं गेलीत. आई त्याला म्हणाली, "अरे मग आम्ही चौघं आलोय की!"

पैसे परत मिळाले. पण पुढच्या वेळी 'मराठीला प्रेक्षक नाही' असं कुणी म्हणालं तर मला आईचा तो चेहरा आठवणार.

थंडगार एसी

तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तो शो मी कॅन्सल केला नाही.

माझं गणित साधं आहे. आम्ही चौघं. तिकीट साडेतीनशे, त्यात अठरा टक्के जीएसटी, मुलांना पॉपकॉर्न, बाहेर आल्यावर भूक, पार्किंग. अडीच हजारांची नोट मोडते (तेवढी नोट छापतच नाहीत ही गोष्ट वेगळी, दोन हजाराचीही आता परत घेतायत). हे दोन महिन्यांतून एकदा परवडतं. मग जे घरी दिसणारच नाही तेच बघणार ना? टॉम क्रूझ नॉर्वेच्या कड्यावरून मोटारसायकलसकट उडी मारतो, ती बत्तीस इंचांत बघायची? 'सैराट' मी थिएटरातच पाहिला, दोनदा. 'सैराट' वर्षाला एक आला तर वर्षाला एकदा जाईन.

आणि 'आदिपुरुष' फुकट दाखवला तरी नको.

तिखटमीठ

पॉपकॉर्नचं नाव काढू नका. जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही ते थिएटरवाला ठरवणार, पिण्याचं पाणी तेवढं फुकट द्यायचं. गेल्या आठवड्यात 'फास्ट एक्स'ला माझ्या पर्समधला दाण्याचा लाडू काढून ठेवायला लावला. एक लाडू! परत येईपर्यंत त्याला मुंग्या.

गदाधारी

@थंडगार एसी, 'आदिपुरुष' का नको, जरा सांगाल? दिग्दर्शक ओम राऊत मराठी, 'तान्हाजी' त्याचाच. हनुमान कोण? देवदत्त नागे, आपला 'जय मल्हार'मधला खंडोबा. 'जय श्री राम' गाणं अजय-अतुलचं. वर 'मराठी माणूस मोठा सिनेमा करत नाही' म्हणून रडायचं, आणि केला की नाक मुरडायचं!

थंडगार एसी

टीझर पाहिला होता ना? ऑक्टोबरमधला? लोकांनी इतकी धुलाई केली की जानेवारीचा सिनेमा १६ जूनवर ढकलावा लागला. पाच महिन्यांत रावणाची हजामत झाली असेल तर आनंद आहे.

गदाधारी

ट्रेलर सुधारलाय. पूर्वग्रह सुधारत नाहीत.

स्वरूपा_डी

दोघेही थांबा. मूळ यादीत सगळ्यात महत्त्वाचा सिनेमाच नाही. १ जूनला 'स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडरव्हर्स' येतोय, भारतात दहा भाषांत, आणि त्यात मराठी आहे! त्यातला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर मुंबट्टनला (मुंबई अधिक मॅनहॅटन) राहतो. मुंबट्टनचा पोरगा मराठी बोलणार नाही तर कोण बोलणार? मुलाला घेऊन मराठीतच बघणार.

खडूस काका

मराठीत स्पायडरमॅन. "अरे देवा, हा तर फारच भयंकर प्रसंग ओढवला!" असं बोलत तो इमारतीवरून लोंबकळणार. मूळ इंग्रजीत बघा, खाली वाचायला अक्षरं असतात. जगात सुसंस्कृत लोक तसंच बघतात.

स्वरूपा_डी

काका, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. अक्षरं वाचेपर्यंत माणूस पडून जमिनीवर आलेला असतो.

आणि तुमच्या सुसंस्कृत लोकांच्या घरात हल्ली मुलं कुठल्या भाषेत भांडतात ते ऐका. माझा मुलगा डोरेमॉन बघून मोठा झालाय. मागच्या रविवारी हट्टाला पेटला आणि मला म्हणाला, "मम्मी, बस पाँच मिनट!" आमच्या घरात चार पिढ्यांत कुणी कुणाला मम्मी म्हटलेलं नाही. सासूबाई हातातली कढई खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मीच शिकवलं. कार्टून मराठीत असतं तर हे झालं असतं का?

खडूस काका

भाषा आईबाप शिकवतात, कोळी नाही.

स्वरूपा_डी

आईबाप दिवसभर नोकरीला असतात. कोळी दुपारी चार ते सहा घरी असतो.

बाल्कनीतला

(अवांतर, पण आता धागा तिकडेच गेलाय.) डबिंगला माझा विरोध भाषेसाठी नाही, पोटासाठी आहे. आज स्पायडरमॅन मराठीत, उद्या सगळे दाक्षिणात्य सिनेमे मराठीत. मग थिएटरवाला म्हणेल, घ्या, झाला मराठीचा कोटा पूर्ण. कर्नाटकात डबिंग कित्येक दशकं होऊ दिलं नव्हतं, वेडे होते का ते?

नाशिककर

होऊ दिलं नव्हतं, बरोबर. मग २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने तिथल्या संस्थांना दंड ठोठावला, हेही सांगा की. आणि दार उघडल्यावर कन्नड सिनेमा मेला का? 'केजीएफ' २०१८चा, 'कांतारा' २०२२चा. 'कांतारा' तुम्ही हिंदीत पाहिलात ना? म्हणजे डब केलेलाच!

बाल्कनीतला

कन्नडमध्ये पाहिला. सबटायटलसह.

नाशिककर

काका, तुमचे भाऊ सापडले.

खडूस काका

वैयक्तिक बोलू नका. १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत आला तेव्हा मी तो ठरवून इंग्रजीत पाहिला होता. शेजारी मुलगी बसली होती, पुढे तीच बायको झाली. ती अजून म्हणते, डायनासोर सोडून काही कळलं नव्हतं.

स्वरूपा_डी

म्हणजे घरातूनच माझ्या बाजूने एक मत आहे. 😄

प्रोजेक्टरवाला

सगळं वाचलं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या एकपडदा थिएटरात मशीन चालवतो, अठरा वर्षं झाली. आधी रिळं होती. एकच पेटी दोन गावांत. आमची पहिली दोन रिळं संपली की पोऱ्या ती सायकलला बांधून शेजारच्या गावाला न्यायचा, आणि तिकडे पंक्चर झालं की पब्लिक पडदा फाडायला उठायचं.

आता सिनेमा हार्ड डिस्कवर नाहीतर सॅटेलाइटवरून येतो, कुलूपबंद. किल्ली मेलवर येते. तिच्यात तारीख आणि वेळ असते, त्याच्या आधी एक मिनिट नाही आणि नंतर एक मिनिट नाही. म्हणजे मनात आलं म्हणून मी मराठी सिनेमा दोन दिवस जास्त ठेवू शकत नाही.

आणि खेळ कोण ठरवतो? मोठ्या सिनेमाचा वितरक म्हणतो, पहिला आठवडा चारही खेळ माझे. मालक 'नाही' म्हणाला तर दिवाळीचा सिनेमा मिळत नाही. तेवढ्यात मराठी निर्माता दारात येतो, एक खेळ द्या म्हणतो. कुठून देणार? २८ एप्रिलला 'महाराष्ट्र शाहीर', 'टीडीएम' आणि वर मणिरत्नमचा 'पोन्नियिन सेल्वन'चा दुसरा भाग, तिन्ही एकाच शुक्रवारी. आम्ही 'टीडीएम' लावला होता. बैलगाडा शर्यतीतली पोरं ट्रॅक्टर भरून आली पहिल्या दिवशी. तिसऱ्या दिवशी उतरवला. पोरं अजून विचारतात, परत कधी.

२०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री तावडे साहेबांनी प्राइम टाइमला मराठी सक्तीची घोषणा केली होती. मग आरडाओरडा झाला आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ, असं ठरलं. दुपारी बाराला आमच्याकडे शेतातला माणूस जेवत पण नसतो, सिनेमाला कसला येतो.

डबिंगचं म्हणाल तर मला काही नको-होय नाही. खुर्च्या भरल्या पाहिजेत.

थंडगार एसी

हे वाचून माझं वाक्य मला जरा बोचलं. 'काय पॉइंट' हे मागे घेतो. पण अडीच हजारांचं गणित मागे घेत नाही. प्रोजेक्टरवाले, तुमच्याकडे तिकीट किती?

प्रोजेक्टरवाला

बाल्कनी ऐंशी, खाली साठ. पॉपकॉर्न वीस. लाडू चालतो.

तिखटमीठ

मी सांगलीला येतेय.

गदाधारी

'आदिपुरुष' लावणार ना?

प्रोजेक्टरवाला

चारही खेळ.

बाल्कनीतला

बघा. हेच मी म्हणत होतो.

मधली रांग
३१ मे

सगळं वाचतोय. @थंडगार एसी, मागे घेतलंत त्याबद्दल आभार. 'ओपनहायमर'ला मीही जाणार आहे, कबूल करतो. पण एक सांगून ठेवतो. तुम्ही इतकी आयमॅक्स-आयमॅक्स करताय, त्याचा दिग्दर्शक नोलन जो सत्तर मिलिमीटरच्या फिल्मवर दाखवतो, तसा दाखवणारं एकही थिएटर आज भारतात नाही. आपण जे बघणार ते डिजिटल. वडाळ्याच्या जुन्या आयमॅक्स डोममध्ये मान वर करून पाहिलेले दिवस गेले. म्हणजे तुम्हीही थोडा मोबाइलच बघणार आहात, मोठा एवढंच.

थंडगार एसी

आलात ना शेवटी मिलिमीटरवर. जुलैत भेटू, कोण किती झोपतं ते बघू.

स्वरूपा_डी
३ जून

मराठी 'स्पायडरमॅन'चा निकाल. आमच्या शहरात एकच शो, दुपारी दोन चाळीसचा. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. हॉलमध्ये आम्ही धरून अकरा माणसं. मुलगा एकदाही 'मम्मी' म्हणाला नाही, दोन तास वीस मिनिटं तोंड उघडंच होतं. डबिंग काही ठिकाणी खरंच काकांनी सांगितलं तसं आहे, मी खोटं बोलणार नाही. आणि सिनेमा अर्ध्यावर संपतो, पुढचा भाग नंतर! मुलगा तिथेच खुर्चीत रडायला लागला, तेही मराठीत.

हिंदीत आणि पंजाबीत पवित्रला शुभमन गिलचा आवाज आहे म्हणे. मराठीला अजिंक्य रहाणेचा द्यायला काय झालं होतं?

खडूस काका

रहाणेने दिला असता तर मीही आलो असतो. एकदाच.

मधली रांग
३० जून

आईला विचारलं, 'बाईपण'ला येतेस का? म्हणाली, "येते, पण आधी फोन करून विचार, चार माणसांत लावतात का." फोन कुणी उचलला नाही. आम्ही निघालोय.