मदत हवी आहे: कादंबरीचं मुखपृष्ठ स्वतःच करतेय, शीर्षकापाशी गाडी अडलीय

नमस्कार मंडळी,

चार वर्षं रेंगाळलेली कादंबरी एकदाची लिहून झाली. स्वतःच छापतेय, आणि हौसेपायी मुखपृष्ठही मीच करायला घेतलंय. (शाळेत चित्रकलेत जेमतेम पास व्हायचे, हे आधीच सांगून टाकते.)

घर पाडलं जातं, दोघा भावांच्या वाटणीत नुसता जिना उरतो, अशी गोष्ट आहे. नाव 'अर्धा जिना'. पहिल्या खेपेला जिना, दोन्ही भाऊ, आईची ट्रंक, कुलूप आणि वर चंद्र असं सगळं कोंबलं. लॅपटॉपवर बघून स्वतःवरच खूश! मग फोनवर नखाएवढं करून पाहिलं तर नुसता चिखल. ऑनलाइन विकायचं तर लोकांना पुस्तक आधी तेवढंच दिसणार. म्हणून आता गडद निळ्यावर फक्त जिना ठेवलाय.

खरी डोकेदुखी शीर्षकाची आहे. जागा भरावी म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषा तुटून अक्षरं पडक्या दातांसारखी दिसायला लागली. दोन ओळी केल्या आणि जवळ आणल्या, तर 'जि'ची वेलांटी वरच्या 'र्धा'च्या पोटात शिरते. काय करू?

शिवाय 280 पानं, 5.5 बाय 8.5 इंच आकार, तर स्पाइन, म्हणजे पुस्तकाचा कणा, किती जाडीची धरायची? आणि जिन्याचा फोटो 1080 पिक्सेल रुंद आहे, तो पुरेल का?

प्रतिसाद १

फोटो पुरणार नाही. 5.5 इंचांवर ताणला की इंचाला दोनशेसुद्धा पिक्सेल येत नाहीत, छपाईला 300 लागतात. चॅटवर आलेला असेल तर तो दाबून लहान झालेला असतो. ज्यांनी काढला त्यांच्याकडून मूळ फाइल मागवा, आणि वापरायची परवानगीही लेखी घ्या.

स्पाइन कागदावर ठरते. 280 पानं म्हणजे 140 कागद. कागद 0.1 मिमी जाडीचा असेल तर 14 मिमी, फुगीर 0.13 मिमीचा असेल तर 18 च्या वर. हा फरक चुकला की स्पाइनवरचं नाव घसरून मुखपृष्ठावर येतं. माझ्या पहिल्या पुस्तकाचं तेच झालंय, कपाटात उभं केलं की अर्धंच नाव वाचता येतं. तेव्हा आधी कागद नक्की करा, जाडी छापखान्याला विचारा, मग मुखपृष्ठ, स्पाइन आणि मलपृष्ठ एकाच सलग फाइलमध्ये करा. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जास्तीची कड) सोडा.

देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून लांब करून जागा भरायची नसते. ती युक्ती रोमन लिपीची, तिथे अक्षरं सुटीच असतात. आपल्याकडे आकार वाढवा किंवा जाड वजनाचा फॉन्ट घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू खुल्या परवान्याचे आहेत, पुस्तकावर बिनधास्त वापरता येतात. (बालू मात्र गुटगुटीत आहे, तुमच्या गोष्टीला हसरा वाटेल.) 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेला फॉन्ट विकायच्या पुस्तकावर नको. फाइल देताना शीर्षकाचं आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे आकार चित्रासारखे पक्के करून) द्या, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा रफार कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

निळ्याचंही बघा. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत जांभळट उतरतो. एक प्रत छापून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

प्रतिसाद २

फोटो हवाच कशाला? शिरोरेषेचाच जिना करा की! प्रत्येक अक्षर एकेक पायरी खाली. तशीही ती तुटतेच आहे, तर मुद्दाम तोडा.

धागाकर्ती

प्रतिसाद २, रात्री झोप नाही लागली तुमच्यामुळे. कागदावर हाताने काढून बघितलं. 'अ' वर, 'र्धा' एक पायरी खाली, मग 'जि', आणि 'ना' सगळ्यात खाली. नखाएवढं करूनही नाव वाचता येतंय! वेलांटी आता आडवी येत नाही, उलट कठड्यासारखी दिसते. फोटो काढून टाकला.

छापखान्यात विचारलं, फुगीर कागदच आहे, म्हणजे स्पाइन 18 मिमी. पण तिथे हे पायऱ्यांचं नाव कसं बसवू? आडवं वळवलं की जिना राहतच नाही. स्पाइनवर नाव साधं सरळ ठेवलं तर दोन्हीकडे वेगळं दिसेल, ते खपेल का?