ग्रॅन्युलोसा ट्यूमर उलटला तर आधी केमो की हार्मोनची गोळी?

रानजाई (मूळ धागा)
अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरचं प्रमाण शेकडा दोन ते पाच. ही गाठ बहुतेकदा स्वतःच इस्ट्रोजेन तयार करते, त्यामुळे पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव होतो आणि आजार अनेकदा त्यावरूनच कळतो. माझ्या जाऊबाईंचा आजार शस्त्रक्रियेनंतर दहाएक वर्षांनी उलटला आणि थेट केमोची तारीख मिळाली. गाठीवर हार्मोन रिसेप्टर (पेशीवरची हार्मोन पकडणारी प्रथिनं) आहेत का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. माझं मत: आजार उलटलेल्या प्रत्येकीची ही तपासणी व्हावी, आणि गाठ हळू वाढत असेल तर आधी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारं औषध, द्यावं. रोजची एक गोळी, तीही स्वस्त.

दीपमाळ
असहमत. २०१४ च्या एका आढाव्यात हार्मोन उपचारांना ७१ टक्के प्रतिसाद दिसला होता, पण रुग्ण होत्या ३१, तेही बहुतेक सुट्या केस रिपोर्टमधून गोळा केलेल्या. यश आलं की केस छापली जाते, अपयश फाइलमध्येच राहतं. पुढे पॅरागॉन या चाचणीत रिसेप्टर पॉझिटिव्ह रुग्णांना रीतसर अ‍ॅनास्ट्रोझोल दिलं, तेव्हा निकषाइतकी गाठ आकसली फक्त एकीची.

रानजाई
त्याच चाचणीत बारा आठवड्यांनी सुमारे ७९ टक्के जणींचा आजार वाढलेला नव्हता, हेही लिहा ना! केस न गळता, सलाईन न लावता गेलेले महिने बाईसाठी मोलाचे असतात.

दीपमाळ
महिने मोलाचे आहेतच. पण ते गोळीने दिले कशावरून? त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हा आजार मुळातच संथ. बारा आठवडे तो काही न देताही थांबू शकतो. याउलट अलियनॉर चाचणीत दर आठवड्याच्या नुसत्या पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने चौघींत एकीची गाठ आकसली.

सूक्ष्मदर्शक
पॅथॉलॉजीत काम करतो, म्हणून रिसेप्टरबद्दल. या गाठींत प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर बहुधा भरपूर दिसतो. इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर कधी दिसतो, कधी नाही. बीटा प्रकार या पेशींत जास्त असतो, पण रिसेप्टर पेशींना रंग देऊन शोधतात, आणि नेहमीच्या तपासणीत तो रंगतच नाही. एक टक्का पेशी रंगल्या की ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं, हा नियम स्तनाच्या कॅन्सरचा. तिथे त्यामागे हजारो रुग्णांचा अनुभव आहे, इथे नाही. शिवाय लेट्रोझोल काम करतं रिसेप्टरवर नव्हे, अ‍ॅरोमॅटेजवर, म्हणजे इस्ट्रोजेन बनवणाऱ्या एन्झाइमवर. तपासणी जरूर करा, जुना ब्लॉक (आधीच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) असला तरी नव्या गाठीचा तुकडा मिळाला तर त्यावर. पण निगेटिव्ह आली म्हणून गोळीचा रस्ता बंद करू नका आणि पॉझिटिव्ह आली म्हणून खात्रीही बाळगू नका.

रानजाई
हे पटलं. मग गोळीआधीचे दोन स्कॅन शेजारी ठेवून गाठ किती वेगाने वाढत होती ते बघावं आणि गोळीनंतरचा वेग त्याच्याशी ताडावा. इन्हिबिन बी, म्हणजे ही गाठ रक्तात सोडते त्या हार्मोनची तपासणी, दर वेळी एकाच लॅबमधून. म्हणजे तिची तुलना तिच्याशीच होईल.

दीपमाळ
एवढी शिस्त पाळणार असाल तर संथ आजारात माझा विरोध नाही. पण आतड्यावर दाब आला असेल किंवा गाठ भराभर वाढत असेल तर गोळीवर वेळ घालवू नका. सगळ्या गाठी काढता येण्याजोग्या असतील तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार आधी. आणि जाऊबाईंची हाडांची घनता गोळी सुरू करण्याआधीच मोजून घ्या, या औषधांनी हाडं ठिसूळ होतात.